जव्हारच्या वाटेवर इब्राहीमची गोष्ट

2023 साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, 29 जूनला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मुसलमान मंडळींनी एकत्र बसून ठरवले, की ईदची नमाज त्या दिवशी पढायची आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायची. धर्मशास्त्राने तेवढी जागा ठेवलेलीच आहे. जिल्हिज महिन्याच्या 10, 11 आणि 12 या तिन्ही तारखांना कुर्बानी चालते. त्याच दिवसांत मी कसाऱ्याला लोकलमधून उतरून खोडाळामार्गे मोखाडा आणि जव्हारकडे निघाले. पाऊस त्या वर्षी उशिरा आला होता. जूनचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा कुठे तो मुंबईत पोचला आणि मग घाटमाथ्यावर धो धो कोसळला.

जव्हारला लोक पावसाळ्यात धबधबे बघायला जातात. दाभोसा, हनुमान पॉइंट, विहीगावचा अशोका धबधबा ही नावे आता मुंबईच्या तरुण मुलांच्या तोंडी झाली आहेत. माझ्या पिशवीत मात्र एका जुन्या गोष्टीची तीन रूपे होती. अब्राहम, म्हणजेच इब्राहीम, देवाच्या सांगण्यावरून आपला मुलगा बळी द्यायला निघतो आणि ऐन वेळी त्याचा हात थांबवला जातो, ही ती गोष्ट. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिघेही तिला आपली मानतात. ती पुस्तकात अनेकदा वाचली होती. पण देवाला जनावर देणे हा जिथे अजून जगण्याचा भाग आहे, अशा मुलखात ती एकदा वाचायची होती. शिवाय 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाड्याचे पाडे, वसईची चर्चे आणि ठाण्याचे सिनेगॉग हे सगळे एकाच ठाणे जिल्ह्यात होते. ही गोष्ट सांगणारे तिन्ही समाज वर्षानुवर्षे एकाच कलेक्टर कचेरीच्या कारभाराखाली होते.

कसारा सोडून विहीगाव मागे पडले की रस्ता चढू लागतो. सूर्यमाळचे पठार धुक्यात होते. खाचरांत राब भाजलेल्या काळ्या जागांवर भाताची रोपे बोटभर वर आली होती. आवणीला अजून वेळ होता. खोडाळ्याच्या अलीकडे पावसाची सर थांबली आणि रस्त्याच्या कडेने एक बाप आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा चालताना दिसले. बापाच्या कमरेच्या आकडीत कोयता होता, हातात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले काहीतरी. लाकडांची मोळी मुलाच्या डोक्यावर होती. गाडी त्यांना ओलांडून पुढे गेली तरी मी मागे वळून बघत राहिले.

कारण बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात, नेमके हेच चित्र आहे. देव अब्राहमाला सांगतो, तुझा लाडका मुलगा इसहाक याला घे आणि मोरिया देशात मी दाखवीन त्या डोंगरावर त्याचे होमार्पण कर. अब्राहम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो, दोन गडी आणि मुलगा यांना घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. गड्यांना तो खाली थांबवतो. लाकडे मुलाच्या खांद्यावर देतो, विस्तव आणि सुरी स्वतःच्या हातात ठेवतो. दोघे चढू लागतात. मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडे आहेत, मग कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, कोकरू देव पाहून देईल. मग पुन्हा दोघे मुकाट्याने चालतात. वर वेदी रचली जाते, मुलाला बांधून लाकडांवर ठेवले जाते, सुरी उचलली जाते आणि देवदूत हाक मारतो. झुडपात शिंगे अडकलेला एक एडका दिसतो. मुलाच्या जागी तो बळी जातो.

तीन दिवसांच्या त्या वाटचालीबद्दल मूळ ग्रंथ जवळजवळ काहीच सांगत नाही. बाप काय विचार करत होता, मुलाला कधी कळले, आईला सांगितले होते का, याबद्दल अक्षर नाही. डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द याने 1843 साली या मुक्या वाटेवर एक अख्खे पुस्तक लिहिले. त्याच्या कितीतरी आधी तिन्ही धर्मांच्या सांगणाऱ्यांनी ती मोकळी जागा आपापल्या परीने भरली होती. या गोष्टीतले माझे खरे कुतूहल तिथेच आहे. गोष्ट एकच, पण तिच्यातून प्रत्येकाने वेगळी वस्तू हातात घेतली, आणि ती वस्तू आजही त्यांच्या हातात आहे.

जव्हारला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले हे लहान शहर मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. हे घराणे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने जयबा मुकण्यांच्या मुलाला, नेमशहाला, ‘शहा’ हा किताब दिला, असे संस्थानाचा इतिहास सांगतो. त्यानंतर या आदिवासी हिंदू राजांच्या नावामागे शहा लागत राहिले, ते थेट 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. शिवाजी महाराज 1664 च्या सुरत स्वारीच्या वेळी जिथे थांबले आणि विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले, ते शिरपामाळ गावाजवळच आहे. जयविलास राजवाडा पावसात भिजून काळपट दिसत होता. गावात सद्रोद्दीन चिश्ती यांचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला सगळ्या जातिधर्मांची माणसे येतात. दसऱ्याला दरबारी थाट आणि उरुसाला संदल, हे दोन्ही इथल्या माणसाला सारखेच आपले वाटतात.

बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या पायरीवर पाऊस थांबायची वाट बघत बसले होते. दुकानदार चाचांनी आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. बोलता बोलता विषय ईदवर आला. मी त्यांना विचारले, लहानपणी ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? “आजीने,” ते म्हणाले. “आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण ती सांगायला बसली की इस्माईल अलैहिस्सलाम जसे काही शेजारच्या घरातले पोर.”

आजीची गोष्ट बायबलपेक्षा वेगळ्या वळणाने जाणारी होती आणि कुराणाशी जुळणारी होती. कुराणाच्या सदतिसाव्या अध्यायात, सूरह अस्साफ्फातमध्ये, इब्राहीमला स्वप्न पडते आणि तो ते मुलालाच सांगतो. तुला काय वाटते, असे विचारतो. मुलगा उत्तर देतो की तुम्हाला जी आज्ञा झाली आहे ती पाळा, मी धीराने सोसेन. म्हणजे इथे मुलाला सगळे आधीच ठाऊक आहे. वाट दोघांची आहे. बाप त्याला कपाळावर पालथे घालतो आणि तेवढ्यात हाक येते, की तू स्वप्न खरे करून दाखवलेस. मुलाच्या बदल्यात मोठी कुर्बानी दिली जाते.

कुराणात या मुलाचे नाव दिलेले नाही. सुरुवातीच्या शतकांत यावर विद्वानांत मतभेद होते. 923 मध्ये वारलेला थोर भाष्यकार तबरी तर इसहाकच्या बाजूचा होता. पुढे इस्माईल हेच नाव सर्वमान्य झाले. त्यामागे एक सरळ युक्तिवाद आहे. कुराणात बळीच्या प्रसंगानंतर इसहाकच्या जन्माची शुभवार्ता येते, तेव्हा आधीचा मुलगा दुसरा असला पाहिजे. बायबलप्रमाणे इस्माईल जन्मला तेव्हा अब्राहम 86 वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. चौदा वर्षे इस्माईल हाच एकुलता एक होता.

चाचांनी सैतानाचा भागही सांगितला. इब्राहीम निघाल्यावर सैतान तीन ठिकाणी आडवा येतो आणि प्रत्येक वेळी त्याला खडे मारून हाकलले जाते. मक्केजवळच्या मिना येथे हाजी आजही तीन ठिकाणी खडे मारतात, ते याची आठवण म्हणून. जुन्या यहुदी कथांमध्येही सैतान याच वाटेवर भेटतो. बाप-लेकाला तो फिरवू शकत नाही, तेव्हा साराकडे, इसहाकच्या आईकडे, जातो. मुलाचे काय होणार होते हे ऐकताच सारा प्राण सोडते. आणखी एक तपशील दोन्हीकडे सापडतो. मुलगा बापाला म्हणतो, मला घट्ट बांधा, नाहीतर भीतीने माझे अंग हलेल. त्या मुलाच्या अंगाचा शहारा दोन्ही ग्रंथपरंपरांना दिसला होता.

मी विचारले, मग कुर्बानीचे पुढे काय होते? चाचांनी बोटे मोजली. एक वाटा घरचा, एक नातेवाईक-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. “वाटा पोचवला नाही तर कापण्याला अर्थ काय?” ते म्हणाले. कुराणातच सांगितले आहे, की अल्लाहपर्यंत मांस पोचत नाही आणि रक्तही पोचत नाही. पोचते ती माणसाच्या मनातली निष्ठा. मग मांस कुठे जायचे, तर माणसांकडे. इस्लामने या गोष्टीतून हातात घेतली ती वस्तू म्हणजे हा तिसरा वाटा, असे मला त्या पायरीवर बसून वाटले. आणि ते मूळ गोष्टीपासून फार दूर आहे. मोरियावरचे अर्पण पूर्ण जाळायचे होते. त्यातले कोणी काही खायचे नव्हते.

यहुद्यांच्या हातात काय उरले? इसवी सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि त्यानंतर यहुदी धर्मातले पशुबळी थांबले. नाब्लुसजवळच्या गरिझिम डोंगरावर शोमरोनी लोकांचा छोटा समाज तेवढा वल्हांडणाला आजही कोकरे कापतो. मोरियाचा डोंगर हाच, अशी त्यांची श्रद्धा आहे. बाकीच्या यहुद्यांकडे एडक्याचे फक्त शिंग राहिले. नववर्षाला, रोश हशानाला, ते शिंग फुंकतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायल या दिवसाला ‘नव्याचा सण’ म्हणत. या सणाच्या दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये इसहाकच्या बांधण्याचा अध्याय वाचतात. यहुदी परंपरा या प्रसंगाला बळी म्हणत नाही. ती त्याला ‘अकेदा’ म्हणजे बांधणे म्हणते, कारण बळी गेलाच नाही.

ठाण्याचे ‘शार हश्शामाइम’ सिनेगॉग 1879 चे आहे. मी तिथे पूर्वी एकदा गेले होते. बेने इस्रायल रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असते. कमी माहीत असते ते हे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी कीर्तने सुरू केली. टाळ, मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग, साक्या, दिंड्या, सगळे आपले. नायक मात्र अब्राहम, योसेफ, मोशे. नारदीय कीर्तनाच्या चालीवर अब्राहमाचे चरित्र ऐकून ठाण्या-अलिबागच्या आजीबाई डोळे पुसत असतील, तर त्यात आश्चर्य नाही. आणि त्यांच्या नवसाचे ताट निराळेच. संदेष्टा एलियाहूच्या नावाने ते मलिदा करतात. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे. डोंगरावर एडका मारणाऱ्या पूर्वजाची लेकरे कोकणात येऊन पोह्यांवर आली.

ख्रिस्ती हातांत तिसरीच वस्तू आहे. लाकडे खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा मुलगा त्यांना क्रूस वाहणाऱ्या येशूची आधीच उमटलेली आकृती वाटते. अब्राहमाचा मुलगा वाचला, देवाने स्वतःचा मुलगा मात्र राखून ठेवला नाही, असे संत पौल सुचवतो. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये जुन्या करारातली वाचने होतात आणि दुसरे वाचन याच अध्यायाचे असते. वसईत, सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती गावांत, ते आता मराठीत होते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लॅटिनची सक्ती उठवली, त्याचे हे फळ. मराठीत ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी आलेली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुना करार ओवीबद्ध झाला आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. चारशे वर्षे अब्राहम मराठीत हा डोंगर चढतो आहे. आणि डोंगरावरून ख्रिस्ती माणसाने खाली आणले ते भाकर आणि द्राक्षरस, म्हणजे मिस्सा. तीही वाटूनच खायची.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याकडे निघाले. जव्हारहून हा रस्ता उंच-सखल डोंगरधारेने जातो. साग, ऐन, मोह. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे. घरे कुडाची, अलीकडे विटांचीही. पहिल्या पावसाने रानात कोळी भाजी उगवली होती. ती देवाला दाखवल्याशिवाय घरात कोणी तोंडात घालत नाही. भाताचेही तसेच. नवे धान्य आधी देवाला, मग माणसाला. अब्राहमाच्या गोष्टीमागचा विचार इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जे आले ते कोणीतरी दिले आहे, म्हणून पहिले त्याला परत करायचे.

एका पाड्याच्या वेशीवर वाघदेव होता. लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, शेंदूर पावसाने ओघळलेला. वाघबारशीला इथे कोंबडे, नारळ, कधी बोकड वाहतात. बरोबर आलेल्या एका शिक्षक दादांनी एका म्हाताऱ्या भगताशी गाठ घालून दिली. ओटीवर बसून त्यांनी रीत सांगितली. कोंबड्यापुढे तांदळाचे दाणे टाकायचे. त्याने टिपले, तर देवाला मान्य आहे. बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडायचे आणि थांबायचे. त्याने अंग झटकले तरच सुरी.

“आणि नाही झटकले तर?”

“तर थांबायचं. पुन्हा विनवायचं. त्याला विचारल्याबिगर कसं मारायचं?”

मला कुराणातला तो बाप आठवला, जो मुलाला विचारतो, तुला काय वाटते. जनावराची अंग झटकणारी संमती ही संमती म्हणावी का, हा प्रश्न मला पडतो, आणि त्याचे उत्तर मला ‘नाही’ असेच वाटते. पण विचारल्याशिवाय जीव घेऊ नये, ही लाज या डोंगरातल्या माणसांना आहे, ही गोष्ट लहान नाही. शहरात मांस पिशवीतून घरी येते आणि तिथे कोणी कोणाला काही विचारलेले नसते.

बळीनंतर इथेही वाटे पडतात. सागाच्या मोठ्या पानांवर मांसाचे सारखे ढीग घालतात, जितकी घरे तितके ढीग. जो आजारी आहे, जो आला नाही, त्याचाही ढीग असतो. जव्हारच्या चाचांचे तीन वाटे आणि पाड्यावरचे घरटी वाटे यांत हिशेब वेगळा आहे, पण देवाला दिलेले शेवटी चुलीपर्यंत, आणि शक्यतो सगळ्यांच्या चुलीपर्यंत पोचले पाहिजे, हा आग्रह दोघांचा एकच.

मोखाड्याचा बोहाडा मात्र मी चुकवला. तो होळीनंतरच्या दिवसांत असतो. संबळ आणि पिपाणीच्या सुरांवर रात्रभर एकेक सोंग मशालींच्या उजेडात नाचत येते. गणपती, शारदा, नरसिंह, रावण, आणि शेवटी पहाटे देवी महिषासुराचा वध करते. जड लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे घरोघरी परंपरेने जपलेले असतात. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे हेही ठरलेले. तिथेही प्रल्हादाच्या रूपाने बापाच्या हातून मरणाच्या दारात गेलेला एक मुलगा आहेच, फक्त तिथला बाप देवाच्या विरुद्ध उभा आहे.

बापाने मुलगा द्यायला निघण्याच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. ऐतरेय ब्राह्मणात राजा हरिश्चंद्राने वरुणाला मुलगा कबूल केलेला असतो. वेळ आल्यावर रोहित रानात पळून जातो आणि शेवटी अजीगर्त नावाचा गरीब ब्राह्मण शंभर गाईंना आपला मधला मुलगा शुनःशेप विकतो. खांबाला बांधायला आणखी शंभर, मारायला आणखी शंभर. शुनःशेप देवांची स्तुती करतो, त्याचे दोर सुटतात, आणि मग बाप बोलावतो तेव्हा तो नकार देऊन विश्वामित्राच्या घरी जातो. मराठी घरांत शिवलीलामृतातून पोचलेला चिलया तर सर्वांना माहीत आहे. अतिथी म्हणून आलेल्या शंकरासाठी श्रीयाळ आणि चांगुणा पोटचे पोर शिजवतात. जेवायला बसण्यापूर्वी अतिथी म्हणतो, मुलाला हाक मार. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो.

या तिघांच्या शेजारी इसहाकला बसवले की उत्पत्तीतले एक वाक्य फार टोचते. बळी टळल्यावर अब्राहम आपल्या गड्यांकडे परत आला, एवढेच तिथे लिहिले आहे. इसहाकही आला असे लिहिलेले नाही. आणि त्यानंतर त्या ग्रंथात बाप आणि मुलगा एकमेकांशी एक शब्दही बोलताना दिसत नाहीत. शुनःशेप बापाला तोंडावर सोडून जातो, चिलया आईच्या मिठीत येतो, इसहाकचे काय झाले ते वाचणाऱ्याने ठरवायचे. माझ्यापुरते मी ठरवले आहे. तो डोंगरावरून वेगळ्या वाटेने उतरला असणार.

मोखाड्यापुढच्या पाड्यावर दुपारी एका घरी थांबले. नागलीची भाकरी आणि उडदाचा भुजा समोर आला. जेवणानंतर घरची बाई विहिरीवर निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. पाऊस लागून गेल्यामुळे विहिरीत पाणी चढले होते. मे महिन्यात हीच विहीर तळ दाखवते. मोखाडा आणि जव्हार तालुक्यांत पाऊस दाबून पडतो, पण खडक पाणी धरत नाही आणि माघ-फाल्गुनातच पाड्यांवर टँकरची वाट बघणे सुरू होते. याच तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे, शंभर मीटरहून उंच. त्याचे पाणी मुंबईला जाते. शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या अप्पर वैतरणाचेही जाते. माझ्या घरच्या नळाला येणारे पाणी इथून आलेले आहे, हे मी त्या बाईला सांगितले. तिला ते माहीत होते. इथला तुटवडा पाण्यापुरता नव्हता. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने या डोंगरांकडे पाहिले. इथल्या मुलांच्या जागी कोणत्याही झुडपात एडका अडकलेला नव्हता.

हंडा भरेपर्यंत मी तिला गोष्टीचा दुसरा भाग सांगितला. तो फारसा सांगितला जात नाही. उत्पत्तीत बाविसाव्या अध्यायाच्या आधी एकविसावा आहे. त्यात अब्राहम दासी हागार आणि तिचा मुलगा इस्माईल यांना थोडी भाकर आणि पाण्याची कातडी पिशवी देऊन रानात लावून देतो. पाणी संपते. आई पोराला झुडपाखाली ठेवते आणि त्याचे मरण बघवणार नाही म्हणून बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसते. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. म्हणजे अब्राहमाचे दोन्ही मुलगे मरणाच्या दारातून परत आले. एक एडक्यामुळे, एक पाण्यामुळे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये नव्याच्या सणाला दुसऱ्या दिवशी इसहाकची गोष्ट वाचतात, तर पहिल्या दिवशी ही वाचतात. आणि मक्केला जाणारा प्रत्येक हाजी सफा आणि मर्वा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो, कारण मुसलमानांच्या परंपरेत हाजरा, म्हणजेच हागार, पाण्यासाठी तिथे सात वेळा धावली होती. इब्राहीमच्या आज्ञापालनाची आठवण वर्षातून एकदा होते. तिच्या धावण्याची आठवण मक्केत रोज, दिवसरात्र चालू असते.

“मग पाणी लागलं?” बाईने विचारले.

लागले, मी म्हटले. पोराच्या पायापाशी झरा फुटला. तिने त्याला मातीचा बांध घातला. त्याला जमजम म्हणतात.

“उन्हाळ्यात आटतं?”

नाही, अजून वाहते आहे. मग मी तिला जुर्हुम टोळीबद्दल सांगितले. हदीसमध्ये ही हकीकत आहे. वाळवंटातून जाणाऱ्या त्या लोकांना आकाशात घिरट्या घालणारे पक्षी दिसले, तेव्हा त्यांनी ओळखले की तिथे पाणी असले पाहिजे. येऊन पाहतात तर झऱ्याकाठी एकटी बाई आणि तिचे पोर. त्यांनी विचारले, आम्ही इथे राहू का? हाजरा म्हणाली, राहा. पण पाण्यावर हक्क माझा राहील. त्यांनी ते मान्य केले आणि तिथे वस्ती झाली, तीच पुढे मक्का झाली.

तिने भरलेला हंडा विहिरीच्या काठावर टेकवला आणि मागे उभ्या असलेल्या दोघींना हाक मारून जवळ बोलावले. हाजराची अट मला त्यांच्यासाठी पुन्हा सांगायला लावली.